आंतरसाखळी संदेशवहनातील स्वाक्षरीची सुरक्षितता व पुनर्वापराचा धोका : एक विवेचन

सारांश :

एका ब्लॉकचेनवर घडलेल्या व्यवहाराची खबर दुसऱ्या ब्लॉकचेनला देऊन तेथे तदनुरूप व्यवहार घडवून आणणे, यास आंतरसाखळी संदेशवहन असे म्हणता येईल. या संदेशांची विश्वासार्हता बव्हंशी डिजिटल स्वाक्षरीवर आधारलेली असते. तथापि स्वाक्षरी अस्सल असतानाही तोच संदेश दुसऱ्या ठिकाणी अथवा दुसऱ्यांदा सादर करून रक्कम उचलता येते, हे २०१६ पासूनच्या अनेक घटनांनी दाखवून दिले आहे. प्रस्तुत लेखात या धोक्याचे स्वरूप, त्यामागील तांत्रिक कारणे, काही प्रत्यक्ष घटना आणि प्रतिबंधक उपाय यांचे विवेचन केले आहे. स्वाक्षरी केवळ 'कोणी' या प्रश्नाचे उत्तर देते. 'कोठे', 'कोणासाठी', 'कितव्यांदा' आणि 'केव्हापर्यंत' या प्रश्नांची उत्तरे स्वाक्षरीखालील मजकुरातच असावी लागतात, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : ब्लॉकचेन, डिजिटल स्वाक्षरी, आंतरसाखळी सेतू, पुनर्वापर हल्ला, साखळी क्रमांक, नॉन्स.

१. प्रस्तावना :

२००९ मध्ये बिटकॉइनची साखळी सुरू झाली आणि २०१५ मध्ये इथेरियमची. त्यानंतरच्या काळात स्वतंत्र नियम, स्वतंत्र नोंदवही आणि स्वतंत्र चलन असलेल्या शेकडो साखळ्या निर्माण झाल्या. यांपैकी प्रत्येक साखळी ही स्वतःपुरती एक बंदिस्त खातेवही असते. शेजारच्या साखळीवर काय घडले हे तिला आपणहून कळत नाही. एका साखळीवरील मालमत्ता दुसरीकडे वापरावयाची झाल्यास कोणीतरी ही खबर तेथे पोहोचवावी लागते आणि ती खरी असल्याचे पटवून द्यावे लागते. या गरजेतून 'ब्रिज' अर्थात सेतू ही व्यवस्था उदयास आली.

या सेतूंवर मोठ्या रकमा जमा होतात आणि म्हणूनच अनेक मोठ्या चोऱ्याही तेथे झाल्या आहेत. केवळ २०२२ या एका वर्षात रोनिन, वर्महोल आणि नोमॅड या तीन सेतूंमधून मिळून १०० कोटी डॉलरहून अधिक मूल्याची मालमत्ता गेली. लक्षणीय बाब अशी की, या तिन्ही घटनांत स्वाक्षरीमागील गणित कोणीही मोडलेले नव्हते. रोनिनमध्ये किल्ल्या चोरीस गेल्या, वर्महोलमध्ये पडताळणीच चुकविली गेली, तर नोमॅडमध्ये पुरावा नसलेला संदेश पुरावा असल्यासारखा स्वीकारला गेला. गणित अभेद्य असूनही व्यवस्था का कोसळते, हा प्रश्न संगणकशास्त्राइतकाच वाणिज्य, विधी आणि लोकप्रशासन या विद्याशाखांच्या अभ्यासकांनाही महत्त्वाचा आहे. सहीच्या कागदावर चालणारे सर्व व्यवहार क्रमाने डिजिटल होत असता सहीचा नेमका अर्थ काय, हे समजून घेणे अगत्याचे ठरते.

२. डिजिटल स्वाक्षरी काय सिद्ध करते? :

डिजिटल स्वाक्षरीत किल्ल्यांची एक जोडी असते. गुप्त किल्ली केवळ मालकाकडे असते, तर जाहीर किल्ली सर्वांस ठाऊक असू शकते. ज्या मजकुरावर सही करावयाची त्याचा प्रथम एक ठरावीक लांबीचा गणिती ठसा काढला जातो. त्यास हॅश म्हणतात. मजकुरातील एक अक्षर जरी बदलले तरी हा ठसा पूर्णतः बदलतो. गुप्त किल्ली वापरून या ठशावर स्वाक्षरी तयार केली जाते आणि जाहीर किल्लीच्या साहाय्याने ती कोणालाही पडताळून पाहता येते. बिटकॉइन व इथेरियम या दोन्ही साखळ्या यासाठी 'सेकपी-२५६-के-१' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वक्रावर आधारित ईसीडीएसए पद्धती वापरतात.

अशा स्वाक्षरीतून दोन गोष्टी सिद्ध होतात. हा मजकूर विशिष्ट किल्ली बाळगणाऱ्याने मान्य केला आहे, ही पहिली. आणि मान्यतेनंतर त्यात बदल झालेला नाही, ही दुसरी. परंतु हा मजकूर कोणत्या साखळीसाठी होता, तो यापूर्वी एकदा अंमलात आला आहे काय, त्याची मुदत उलटली आहे काय, यांविषयी स्वाक्षरी स्वतः मौन बाळगते. शिवाय हस्ताक्षरातील सहीचा कागद एकच असतो. डिजिटल सहीची मात्र कितीही हुबेहूब प्रतिरूपे निघतात आणि त्यांत मूळ व नक्कल असा भेद राहत नाही.

हा प्रश्न सर्वस्वी नवा आहे असे मात्र नाही. पेशवेकाळात उत्तरेकडील रक्कम पुण्यास पोहोचविण्यासाठी हुंडीचा वापर होत असे. एका गावच्या सावकाराने दिलेला आदेश दुसऱ्या गावच्या पेढीने मानावयाचा, ही एका अर्थाने दोन खातेवह्यांमधील संदेशवहनाचीच व्यवस्था होती. हुंडीत कोणावर, कोणत्या गावी आणि किती रक्कम हे स्पष्ट लिहिलेले असे. आकड्यात फेरफार होऊ नये म्हणून रकमेचा निमा आकडाही नमूद केला जाई. मूळ हुंडी गहाळ झाल्यास 'पेठ' व तीही गहाळ झाल्यास 'परपेठ' लिहून दिली जाई. आधीच्या प्रतीवर पैसे दिले गेले नसतील तरच नव्या प्रतीवर द्यावेत, असा तिचा आशय असे. पैसे चुकते झालेली हुंडी पेढीकडे जमा होऊन निकामी होई. म्हणजेच ठिकाणाचा उल्लेख, प्रतींचा परस्परसंबंध आणि वटल्याची नोंद या तीन गोष्टींनी सावकारी व्यवहारात पुनर्वापर रोखला जात होता. आंतरसाखळी संदेशात नेमक्या याच तीन गोष्टी वारंवार विसरल्या गेल्या, असे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

३. आंतरसाखळी संदेशाचा प्रवास :

सेतूची सर्वसाधारण कार्यपद्धती अशी असते. ग्राहक पहिल्या साखळीवरील स्मार्ट कॉन्ट्रॅक्टमध्ये, म्हणजे साखळीवर आपोआप चालणाऱ्या आज्ञावलीत, आपली रक्कम अडकवून ठेवतो. या घटनेची नोंद साखळीवर होते. सेतूचे पडताळणीदार ती नोंद पाहतात आणि 'अमुक रक्कम जमा झाली, ती अमुक पत्त्यावर द्यावी' अशा संदेशावर स्वाक्षऱ्या करतात. पुरेशा स्वाक्षऱ्या जमल्यावर तो संदेश दुसऱ्या साखळीवरील कॉन्ट्रॅक्टपुढे सादर होतो. तेथे स्वाक्षऱ्या तपासून तितक्याच मूल्याचे प्रतिनिधी टोकन दिले जाते. वर्महोल या सेतूत असे १९ पडताळणीदार असून त्यांपैकी १३ जणांच्या स्वाक्षऱ्या आवश्यक असतात.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. संदेश सादर करणारी व्यक्ती कोणीही असू शकते, कारण विश्वास निरोप्यावर नसून निरोपावरील सहीवर असतो. स्वाक्षऱ्यांसह संपूर्ण संदेश साखळीवर उघड असल्याने तो कोणालाही जसाच्या तसा उचलता येतो. सुरक्षेची सर्व मदार दुसऱ्या बाजूची आज्ञावली काय काय तपासते यावरच राहते. एकदा पाठविलेला वैध संदेश पुन्हा सादर करून त्याचा लाभ घेणे यास संगणक-सुरक्षेच्या परिभाषेत 'रिप्ले' हल्ला म्हणतात. प्रस्तुत लेखात त्यासाठी 'पुनर्वापर' ही संज्ञा योजली आहे.

४. पुनर्वापराचा पहिला मोठा धडा : इथेरियमचे विभाजन, २०१६ :

१७ जून २०१६ रोजी इथेरियमवरील 'द डाओ' या गुंतवणूक कॉन्ट्रॅक्टमधून सुमारे ३६ लाख ईथर काढून घेण्यात आले. हे नुकसान भरून काढण्यासाठी २० जुलै २०१६ रोजी १९,२०,००० व्या ब्लॉकपासून साखळीच्या नियमांत बदल करण्यात आला. काहींना हा बदल मान्य नव्हता. त्यांनी जुनी साखळी 'इथेरियम क्लासिक' या नावाने चालू ठेवली. परिणामी एकाच इतिहासाच्या दोन साखळ्या झाल्या. विभाजनाच्या क्षणी दोहोंवर पत्ते तेच, शिल्लक तीच आणि किल्ल्याही त्याच होत्या.

इथेरियमवर प्रत्येक खात्याच्या व्यवहारांना ओळीने क्रमांक दिलेला असतो. त्यास 'नॉन्स' म्हणतात. सातव्या क्रमांकाचा व्यवहार एकदा झाला की तो पुन्हा होऊ शकत नाही. एका साखळीपुरते हे संरक्षण पुरेसे होते. परंतु विभाजनानंतर दोन्ही साखळ्यांवर क्रमांकही तेच असल्याने एकीवर सही केलेला व्यवहार दुसरीवरही वैध ठरू लागला. ग्राहकाने विनिमय केंद्रातून नवे ईथर काढले की तोच स्वाक्षरीत व्यवहार जुन्या साखळीवर सादर करून तेथीलही तितकीच रक्कम उचलता येत असे. काही विनिमय केंद्रांना याचा प्रत्यक्ष फटका बसला.

यावरील उपाय ईआयपी-१५५ या प्रस्तावाद्वारे २२ नोव्हेंबर २०१६ रोजी अंमलात आला. तोपर्यंत व्यवहारातील सहा बाबींच्या ठशावर सही होत असे. आता तीत साखळी क्रमांकाचा समावेश झाला. इथेरियमचा क्रमांक १, तर इथेरियम क्लासिकचा ६१. एकीसाठी केलेली सही दुसरीवर आपोआप अवैध ठरू लागली. तथापि जुन्या पद्धतीच्या, साखळी क्रमांक नसलेल्या सह्याही ग्राह्य धरण्याची सवलत कायम राहिली. या सवलतीची किंमत सहा वर्षांनी मोजावी लागली.

५. सेतूंवरील पुनर्वापर : तीन घटना, तीन कारणे :

(अ) गोठलेला साखळी क्रमांक. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने सहमतीची जुनी पद्धत सोडून नवी स्वीकारली. जुन्या पद्धतीच्या समर्थकांनी 'इथेरियम पीओडब्ल्यू' ही वेगळी साखळी सुरू केली व तिला १०००१ हा स्वतंत्र क्रमांक दिला. त्यामुळे सामान्य व्यवहारांचा पुनर्वापर रोखला गेला. मात्र इथेरियम व नोसिस यांना जोडणाऱ्या ओम्नी सेतूचे कॉन्ट्रॅक्ट या नव्या साखळीवर जसेच्या तसे उतरले होते. त्याने साखळी क्रमांक आपल्या स्मृतीत पूर्वीच लिहून ठेवला होता. आपण प्रत्यक्षात कोणत्या साखळीवर चालत आहोत, हे तो तपासत नसे. साहजिकच नव्या साखळीवरही तो स्वतःस क्रमांक १ समजत राहिला. एका हल्लेखोराने २०० ईथर सेतूमार्गे रीतसर हलविले आणि तोच संदेश नव्या साखळीवर पुन्हा सादर करून तेथील २०० नाणी अधिकची मिळविली. वास्तविक चालू साखळीचा क्रमांक विचारण्याची आज्ञा इथेरियमवर डिसेंबर २०१९ पासून उपलब्ध होती. संदेशात क्रमांक असूनही तो पडताळण्याचे मापच चुकीचे असल्यास काय होते, याचे हे उदाहरण होय.

(आ) एकाच पुराव्याची अनेक रूपे. जयंती कनानी, संदीप नेलवाल आणि अनुराग अर्जुन यांनी २०१७ मध्ये भारतात सुरू केलेले मॅटिक जाळे पुढे पॉलिगॉन या नावाने ओळखले जाऊ लागले. त्याच्या चाचणी-साखळीचे नाव 'मुंबई' असे होते. ८०००१ हा साखळी क्रमांक असलेली ही चाचणी-साखळी २०२४ मध्ये बंद करण्यात आली. पॉलिगॉनच्या 'प्लाझ्मा' सेतूत ऑक्टोबर २०२१ मध्ये एका स्वतंत्र संशोधकास गंभीर त्रुटी आढळली. या सेतूत ग्राहक पॉलिगॉनवरील टोकन नष्ट करतो आणि नष्ट केल्याचा पुरावा इथेरियमवर देऊन मूळ रक्कम परत घेतो. तोच पुरावा दोनदा चालू नये म्हणून प्रत्येक परताव्यास एक ओळख-क्रमांक देऊन त्याची नोंद ठेवली जात असे. परंतु हा ओळख-क्रमांक पुराव्यातील ज्या भागावरून काढला जाई, त्याचा पहिला बाइट नीट तपासला जात नव्हता. हा बाइट बदलला की पुरावा तोच राही, ओळख-क्रमांक मात्र नवा होई. अशा रीतीने एकच पुरावा २२३ वेळांपर्यंत वटविता आला असता. म्हणजे १ लाख डॉलरच्या ठेवीवर २ कोटी २३ लाख डॉलर. सेतूतील सुमारे ८५ कोटी डॉलर धोक्यात होते. सुदैवाने त्रुटी वेळीच कळविली गेली व दुरुस्त झाली. संशोधकास २० लाख डॉलरचे पारितोषिक देण्यात आले. 'वटल्याची नोंद' ठेवणे पुरेसे नसून ती नोंद कशावरून ओळखली जाते हे तितकेच महत्त्वाचे आहे, हा या घटनेचा बोध होय.

(इ) जुन्या सहीचे पुनरुज्जीवन. २०२२ मध्ये ऑप्टिमिझम या साखळीच्या संस्थेने विंटरम्यूट या व्यापारी कंपनीस २ कोटी 'ओपी' टोकन पाठविली. कंपनीने दिलेला पत्ता तिच्या सामूहिक स्वाक्षरी-खात्याचा होता. परंतु ते खाते इथेरियमवर अस्तित्वात असले तरी ऑप्टिमिझमवर अद्याप उघडलेले नव्हते. पत्ता तोच, पण त्यामागे खातेच नाही, अशी ही अवस्था होती. अशी खाती निर्माण करणारे 'फॅक्टरी' कॉन्ट्रॅक्ट इथेरियमवर ज्या व्यवहाराने स्थापिले गेले होते, त्यावरील सही साखळी क्रमांक नसलेल्या जुन्या पद्धतीची होती. हल्लेखोराने तो व्यवहार ऑप्टिमिझमवर जसाच्या तसा सादर केला. त्या सहीच्या मालकास याची कल्पनाही असण्याचे कारण नव्हते. तेथे तोच फॅक्टरी-पत्ता निर्माण झाला. मग त्याने एकामागून एक खाती उघडत विंटरम्यूटचा पत्ता गाठला आणि मालक म्हणून स्वतःची नोंद केली. पुढे १ कोटी ७० लाख टोकन त्याने परत केली. असे असले तरी, विशिष्ट साखळीशी न बांधलेली सही वर्षानुवर्षे जिवंत राहते, हे यातून स्पष्ट झाले.

६. स्वाक्षरीच्या अंतर्गत रचनेतील दोष :

पुनर्वापराचा धोका केवळ संदेशाच्या मजकुरामुळे निर्माण होत नाही. तो स्वाक्षरीच्या रचनेतूनही उद्भवू शकतो. यातील चार बाबी विशेष उल्लेखनीय आहेत.

(१) स्वाक्षरीची लवचिकता. ईसीडीएसए स्वाक्षरी 'आर' व 'एस' या दोन संख्यांची बनलेली असते. वक्राच्या गणितामुळे 'एस' या संख्येऐवजी वक्राच्या कोटीतून 'एस' वजा केलेली संख्या घेतली तरी स्वाक्षरी वैधच राहते. म्हणजे गुप्त किल्ली हाती नसतानाही एका सहीपासून दुसरी वैध सही बनविता येते. इथेरियमने मार्च २०१६ पासून व्यवहारांसाठी यांपैकी लहान संख्याच ग्राह्य धरली. मात्र कॉन्ट्रॅक्टमधून स्वाक्षरी तपासणाऱ्या मूलभूत आज्ञेस हा नियम लागू नाही. एखादे कॉन्ट्रॅक्ट 'ही सही वापरली गेली' अशी नोंद सहीच्या नावे ठेवीत असेल, तर रूप बदललेली सही त्यास नवीच भासते. ओपनझेपेलिन या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या संग्रहातही याच जातीची एक त्रुटी होती. तेथे एकच सही ६५ बाइटच्या व ६४ बाइटच्या अशा दोन्ही रूपांत स्वीकारली जात असे. ऑगस्ट २०२२ मध्ये ती दूर करण्यात आली. यावरून सूत्र असे निघते की, वापरल्याची नोंद संदेशाच्या नावे ठेवावी, स्वाक्षरीच्या नावे नव्हे.

(२) यादृच्छिक संख्येची पुनरावृत्ती. प्रत्येक स्वाक्षरीसाठी एक नवी गुप्त संख्या निवडावी लागते. तीच संख्या दोनदा वापरली गेल्यास दोन्ही सह्यांतील 'आर' समान येतो आणि दोन समीकरणांतून दोन अज्ञात संख्या सोडवाव्यात तशी गुप्त किल्लीच बाहेर काढता येते. शालेय बीजगणिताच्या पलीकडचे कौशल्य त्यासाठी लागत नाही. जुलै २०२१ मध्ये एनीस्वॉप या सेतूवर हेच घडले. समान 'आर' असलेल्या दोन व्यवहारांवरून हल्लेखोराने किल्ली काढली आणि सुमारे ७९ लाख डॉलर नेले.

(३) शून्याचा सापळा. इथेरियमवर स्वाक्षरी तपासणारी मूलभूत आज्ञा अपयशी ठरल्यास 'त्रुटी' असे न सांगता शून्य पत्ता परत करते. शून्य म्हणजे 'उत्तर नाही' हे आज्ञावलीने स्वतः ओळखावयाचे असते. याच जातीच्या गफलतीतून १ ऑगस्ट २०२२ रोजी नोमॅड सेतूचे सुमारे १९ कोटी डॉलर गेले. तेथे एका सुधारणेच्या वेळी शून्य हे मूल्य 'विश्वसनीय' म्हणून नोंदले गेले होते, आणि न तपासलेल्या प्रत्येक संदेशाचे मूल्य मुळात शून्यच असते. त्यामुळे कोणताही संदेश सिद्ध झालेला मानला जाऊ लागला. पहिल्या हल्लेखोराचा व्यवहार उतरवून घेऊन त्यात केवळ आपला पत्ता घालून इतर शेकडो पत्त्यांवरून रकमा उचलल्या गेल्या. तंत्रज्ञानाचे ज्ञान नसलेल्यासही हे शक्य होते.

(४) पडताळणीचा आभास. २ फेब्रुवारी २०२२ रोजी वर्महोल सेतूच्या सोलाना बाजूवर १,२०,००० ईथरइतकी प्रतिनिधी टोकन कोणत्याही ठेवीविना निर्माण करण्यात आली. त्यांचे मूल्य ३० कोटी डॉलरहून अधिक होते. सह्या तपासल्याचा दाखला ज्या खात्यातून घ्यावयाचा, ते खाते अस्सल आहे की नाही हेच कॉन्ट्रॅक्ट तपासत नव्हते. हल्लेखोराने बनावट खाते पुढे केले आणि न झालेली तपासणी झाल्याचे भासविले. शिक्का पाहिला गेला, शिक्का कोणाचा हे पाहिले गेले नाही.

७. तंत्राच्या मर्यादा : किल्ली, अधिकार आणि सही करणारा :

पुनर्वापराचा बंदोबस्त चोख असला तरी स्वाक्षरीचा अधिकारच अयोग्य हाती गेल्यास त्याचा उपयोग होत नाही. २३ मार्च २०२२ रोजी रोनिन सेतूवरून १,७३,६०० ईथर व २ कोटी ५५ लाख यूएसडीसी काढले गेले. तेथे ९ पैकी ५ पडताळणीदारांच्या सह्या पुरेशा होत्या. हल्लेखोरांनी स्काय मेव्हिस या कंपनीच्या ताब्यातील ४ किल्ल्या मिळविल्या. पाचवी सही त्यांना एका विसरलेल्या परवानगीतून मिळाली. कामाचा ताण वाढल्यामुळे ॲक्सी डाओने आपल्या वतीने सही करण्याची मुभा नोव्हेंबर २०२१ मध्ये कंपनीस दिली होती. डिसेंबरमध्ये ती व्यवस्था थांबली, पण परवानगी रद्द झाली नाही. चोरी उघडकीस येण्यास सहा दिवस लागले. अमेरिकेच्या एफबीआयने ही चोरी उत्तर कोरियाशी संबंधित लॅझरस गटाने केल्याचे जाहीर केले. मुदत संपूनही न मागे घेतलेला अधिकार हा व्यापक अर्थाने पुनर्वापराचाच प्रकार म्हणावा लागेल.

सही करणाऱ्यास आपण कशावर सही करीत आहोत हे दिसणे, ही दुसरी मर्यादा होय. १८ जुलै २०२४ रोजी मुंबईस्थित वझीरएक्स या विनिमय केंद्राच्या सामूहिक स्वाक्षरी-खात्यातून २३ कोटी डॉलरच्या आसपास मालमत्ता गेली. पडद्यावर दिसलेला तपशील आणि प्रत्यक्ष सही झालेला मजकूर यांत तफावत होती, असे कंपनीने आपल्या निवेदनात म्हटले होते. ही घटना सेतूवरील नव्हती. पण वाचता न येणाऱ्या ठशावर सही करण्याचा धोका तिने सामान्य भारतीय ग्राहकांच्या दारात आणून ठेवला. आपली पुंजी परत मिळण्यासाठी या ग्राहकांना दीर्घकाळ तिष्ठत राहावे लागले.

८. प्रतिबंधक उपाय :

वरील घटनांच्या आधारे पुढील उपाय सांगता येतात.

(१) संदर्भ सहीतच बांधणे. ईआयपी-७१२ या मानकानुसार सहीखालील मजकुरास एक 'डोमेन' जोडता येते. त्यात ॲप्लिकेशनचे नाव, आवृत्ती, साखळी क्रमांक आणि पडताळणाऱ्या कॉन्ट्रॅक्टचा पत्ता यांचा समावेश होतो. शिवाय मजकूर रचनाबद्ध असल्याने सही करणाऱ्यास तो वाचनीय स्वरूपात दाखविता येतो. आंतरसाखळी संदेशात मात्र उगमाची साखळी व गंतव्य साखळी या दोहोंचा उल्लेख असावयास हवा.

(२) साखळी क्रमांक प्रत्यक्ष विचारणे. हा क्रमांक स्थापनेच्या वेळी लिहून न ठेवता प्रत्येक वेळी साखळीलाच विचारावा. वेगासाठी साठवून ठेवलाच तर तो बदलल्याचे आढळताच पुन्हा गणन व्हावे.

(३) एकदाच वापर. प्रत्येक संदेशास अनन्य क्रमांक असावा, त्याचे एकच प्रमाणित रूप ग्राह्य धरावे आणि रक्कम देण्यापूर्वी वापराची नोंद व्हावी. देणे आधी व नोंद नंतर असा क्रम ठेवल्यास त्या मधल्या क्षणातच दुसरी मागणी घुसू शकते.

(४) मुदत व परतावा. कॉसमॉस परिवारातील साखळ्यांमध्ये २०२१ पासून वापरात असलेली आयबीसी ही पद्धती येथे मार्गदर्शक ठरते. तीत प्रत्येक संदेशासोबत पाठविणारी व स्वीकारणारी वाहिनी, अनुक्रमांक आणि मुदत असते. मुदतीत संदेश न पोहोचल्यास तो स्वीकारला गेला नसल्याचा पुरावा देऊन मूळ साखळीवर रक्कम परत मिळविता येते. तसेच पडताळणीदारांच्या वेगळ्या गटावर विसंबण्याऐवजी एक साखळी दुसरीच्या नोंदींचा संक्षिप्त माग स्वतः ठेवते.

(५) अधिकारांचा नियमित आढावा. किल्ल्यांची संख्या वाढवून भागत नाही, त्या वेगवेगळ्या हाती असाव्या लागतात. तात्पुरत्या परवानग्या मुदतबंद असाव्यात आणि मोठ्या रकमेस काही काळ थांबविण्याची सोय असावी.

हे धडे सर्वत्र पचनी पडले आहेत असे म्हणणे धाडसाचे ठरेल. ७ मे २०२५ रोजी अंमलात आलेल्या पेक्ट्रा सुधारणेतील ईआयपी-७७०२ नुसार सामान्य खात्यास आपला अधिकार एखाद्या कॉन्ट्रॅक्टकडे सोपविता येतो. अशा अधिकारपत्रात साखळी क्रमांकाच्या जागी शून्य लिहिल्यास ते ही पद्धत स्वीकारणाऱ्या सर्व साखळ्यांवर ग्राह्य ठरू शकते. खात्याचा नॉन्स जुळला की झाले. अनेक साखळ्या वापरणाऱ्यास ही सोय आहे, हे खरे. परंतु २०१६ मध्ये बंद केलेले दार सोयीसाठी पुन्हा किलकिले केले आहे, याची जाणीव सही करणाऱ्यास असणे आवश्यक आहे.

९. निष्कर्ष :

१. स्वाक्षरीची वैधता आणि संदेशाची योग्यता या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली गणिताने सिद्ध होते. दुसरी व्यवस्थेच्या रचनेने सिद्ध करावी लागते.

२. पुनर्वापराच्या घटनांमागे तीन प्रमुख कारणे आढळतात : सहीत ठिकाणाचा उल्लेख नसणे, उल्लेख असूनही तो प्रत्यक्षाशी न पडताळणे आणि वापराची नोंद बदलता येणाऱ्या खुणेवर आधारणे.

३. साखळीचे विभाजन हा अपवादात्मक प्रसंग मानता येत नाही. २०१६ व २०२२ मध्ये तो इथेरियमवर दोनदा घडला. म्हणून आपली आज्ञावली एखाद्या अनोळखी साखळीवरही चालू राहील, हे गृहीत धरूनच तिची रचना केली पाहिजे.

४. जुन्या पद्धतींना दिलेली सवलत आणि मागे न घेतलेले अधिकार हे दीर्घकाळ सुप्त राहणारे धोके आहेत.

समारोप :

सेतूवर रक्कम ठेवणारा ग्राहक त्यामागील आज्ञावली वाचत नाही. वाचू शकतही नाही. तो सहीवर विश्वास ठेवतो. त्या विश्वासाला पात्र ठरण्याची जबाबदारी व्यवस्था रचणाऱ्यांवर, ती तपासणाऱ्यांवर आणि उद्याचे रचनाकार घडविणाऱ्या महाविद्यालयीन अध्यापकांवर येऊन पडते. संगणकशास्त्राच्या वर्गात डिजिटल स्वाक्षरी शिकविताना 'सही खरी आहे काय' या प्रश्नापाशी न थांबता ती कोठे, कोणासाठी, कितव्यांदा आणि केव्हापर्यंत लागू आहे, हेही विद्यार्थ्यांना विचारावयास शिकविले पाहिजे. पेढीवरचा गुमास्ता हुंडी हाती येताच हेच पाहत असे आणि त्यानंतरच तिजोरी उघडत असे.